टाकीतली संध्याकाळ

माशाला आपल्यासारखी पापणी नसते. बहुतेक माशांच्या डोळ्यातली बाहुलीही उजेड वाढला म्हणून आकसत नाही. मग अंधारातून उजेडात येताना त्याचा डोळा सावरतो कसा? डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशीच जागा बदलतात. उजेडात पाहणाऱ्या पेशी पुढे सरकतात, अंधारात पाहणाऱ्या पेशी काळ्या रंगकणांच्या आड जातात आणि रात्री हेच सगळं उलट होतं. या हालचालीला वीस मिनिटं, कधी अर्धा तास लागतो. नदीत आणि तळ्यात तेवढा वेळ मिळतो. बेळगाव सुमारे १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटं संधिप्रकाश राहतो. माशाच्या डोळ्याला साधारण तेवढाच वेळ हवा असतो.

घरातल्या काचेच्या टाकीत मात्र ही संध्याकाळ आधी होती, मग गेली आणि अलीकडे पुन्हा आली. ती गेली ट्यूबलाइटमुळे. परत आणली ती एलईडीनं आणि घरी जुळवलेल्या छोट्या कंट्रोलरनं. हा बदल मी बेळगावच्या कॅम्पात राहून पाहिला. वडील मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत एमईएसमध्ये, वायरमन होते. मी पुढे मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्याची नोकरी केली. टाकी घरात होतीच. दिव्यांचा इतिहास लिहिणारे रस्त्यावरच्या, देवळातल्या, रंगभूमीवरच्या दिव्यांबद्दल लिहितात. टाकीवरच्या दिव्याचीही कुठेतरी नोंद असावी असं मला मनापासून वाटतं.

कॅम्प म्हणजे बेळगावची छावणी. १८१८ साली जनरल मन्रोच्या फौजेनं बेळगावचा किल्ला घेतला, १८३२ साली छावणी वसली. रुंद रस्ते, कौलारू बंगले, जुनी झाडं, चर्च, १८५६ सालचं सेंट पॉल्स हायस्कूल, हाय स्ट्रीटवरची दुकानं आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. मराठी, कोंकणी, कन्नड, उर्दू, तमिळ अशा सगळ्या भाषा इथे एका रस्त्यावर ऐकू येतात. आणि इथलं फिश मार्केट. गोव्याहून, कारवारहून, मालवणकडून घाट चढून आलेला मासा इथे विकला जातो. घरात मासा आणला म्हणजे तो तव्यासाठीच, हे कॅम्पातल्या माणसानं गृहीत धरलेलं. बघण्यासाठी आणलेल्या माशाचं शेजाऱ्यांना फार दिवस नवल वाटायचं.

तरी लष्कराचा आणि माशांचा संबंध बाजारापुरता नव्हता. मुंबई फौजेतल्या कर्नल सायक्सनं दख्खनमधल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर १८३९ साली निबंध प्रसिद्ध केला. मद्रास फौजेतला डॉक्टर फ्रान्सिस डे यानं भारतातल्या माशांचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात काढला. आणि आपण ज्याला गप्पी म्हणतो तो चिमुकला मासा १९१० च्या सुमारास हिवतापाच्या डासांवर उपाय म्हणून भारतात आला, तोही मेजर सेली नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर. पुढे हिवताप विभागानं हेच मासे गावोगावच्या विहिरींत आणि हौदांत सोडले. आमच्या पिढीतल्या बहुतेक पोरांचा पहिला पाळीव मासा हा असा हौदातून बाटलीत काढलेला गप्पीच असायचा. त्याला दिव्याची गरज नव्हती. बाटली खिडकीत ठेवली की झालं.

घरगुती टाकीची सुरुवातही खिडकीतच झाली होती. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एका काचपात्रात ठेवून त्यांचा समतोल साधतो हे दाखवलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानं इंग्लंडमध्ये या छंदाचं वेड पसरवलं. तेव्हा दिवा म्हणजे ऊनच. खिडकीतून आडवा येणारा उजेड काचेवर शेवाळ वाढवतो आणि माशांनाही मानवत नाही, कारण नदीत उजेड वरून येतो. हे वॉरिंग्टनच्या लक्षात आलं आणि त्यानं मागची बाजू तिरकी असलेली टाकी केली. टाकीवर उजेड कुठून पडावा याचा विचार असा विजेच्या दिव्याच्या आधीच सुरू झाला होता. उजेड कधी आणि किती वेगानं यावा, हा प्रश्न मात्र तेव्हा पडायचं कारण नव्हतं. ऊन आपलं आपण येत होतं आणि आपलं आपण जात होतं.

मराठी माणसाच्या मनात शोभेच्या माशांचं चित्र पक्कं झालं ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. १९५१ साली डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर त्याचं उद्घाटन झालं. मुंबईला गेलेला बेळगावचा माणूस राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला पाहून यायचा. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचा आणि त्यांमागे फिरणारे मासे. ते पाहून आलेल्या कितीतरी जणांनी घरी टाकी करून घेतली. आमच्या वडिलांनीही तसंच केलं.

त्या काळची टाकी लोखंडी अँगलची असायची. चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायची, काचा काचवाल्याकडून कापून आणायच्या आणि त्या पुट्टीनं बसवायच्या. पुट्टी वाळेपर्यंत घरात अळशीच्या तेलाचा वास भरून राहायचा. चौकटीला काळा किंवा हिरवा ऑइलपेंट. वर पत्र्याचं झाकण, त्याला आतून पांढरा रंग आणि त्यात होल्डरला चाळीस वॉटचा पिवळा बल्ब. पाण्यावर दोनशे तीस व्होल्टचा दिवा आणि तोही पत्र्यात! वडील एमईएसमधले असल्यामुळे त्यांनी पत्र्याला अर्थिंगची वायर आधी जोडली, मग दिवा. कॅम्पात ज्यांच्या घरी अशी टाकी होती त्यांच्याकडे जाऊनही ते आधी अर्थिंग पाहायचे.

आता मुख्य गोष्ट. वडिलांनी त्या बल्बच्या वाटेत पंख्याचा जुना रेग्युलेटर घातला होता. आजच्यासारखा लहान नव्हे. गोल, जड, काळा डबा आणि आत चिनीमातीवर गुंडाळलेली रोधाची तार. पाचवरून चारवर, तीनवर, असा तो फिरवला की बल्ब पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा लालसर व्हायचा आणि मग विझायचा. सकाळी हेच उलट. हे त्यांनी माशांसाठी केलं नव्हतं. थंड असताना बल्बच्या तारेचा रोध फार कमी असतो. एकदम बटण दाबलं की पहिल्या क्षणी कितीतरी पट प्रवाह धावतो आणि जुना बल्ब बहुधा त्याच क्षणी जातो. बल्ब टिकावा म्हणून तो रेग्युलेटर होता. पण त्यामुळे टाकीला रोज पहाट आणि संध्याकाळ मिळत होती. मासे शांतपणे खाली जाऊन वनस्पतींत विसावायचे. घरच्या घरी केलेला टाकीच्या दिव्याचा कंट्रोलर म्हणायचा तर आमच्या घरात तो पहिला. त्याला वेळ सांभाळायला माणूस लागायचा, एवढंच.

बल्बचा आणखी एक उपयोग होता. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरतो. मोली, गुरामी, एंजल हे उष्ण प्रदेशातले मासे. त्यांना चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास पाणी हवं. चाळीस वॉटच्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि ती उष्णता झाकणाखाली अडकून वरचं पाणी कोमट ठेवायची. थंडीत रात्रीही दिवा मंद ठेवायचा, वरून गोणपाट टाकायचं. पुढे एलईडी आल्यावर कित्येकांनी हिवाळ्यात मासे गमावले ते यामुळेच. एलईडीची उष्णता पाठीमागे, वर निघून जाते. पाण्याला ती मिळत नाही. दिवा बदलला तर हीटर घ्यावा लागतो, हे दुकानदारानं सांगायला हवं होतं.

मग ट्यूबलाइट आली. ती अमेरिकेत १९३८ पासून बाजारात होती. टाकीसाठी गुलाबी छटेची, वनस्पती वाढवणारी खास ट्यूब तिकडे १९६० च्या दशकात निघाली. आमच्याकडे ती साधी, दोन फुटी, वीस वॉटची. चोक आणि स्टार्टर पत्र्याच्या झाकणावर ठोकलेले. उजेड बल्बच्या तीन-चार पट, पाणी बल्बइतकं तापत नाही, हायड्रिला भराभरा वाढते. कॅम्पात एकानं लावली की बाकीच्यांनी लावायचीच. त्याच सुमाराला सिलिकॉननं चिकटवलेल्या, चौकटीविना काचेच्या टाक्याही आल्या. मासे मुंबईच्या कुर्ल्यातून, मद्रासच्या कोळत्तूरहून, कलकत्त्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, थर्माकोलच्या खोक्यांत यायला लागले. निऑन टेट्रा पहिल्यांदा पाहिला तो याच काळात. शौक वाढला, टाकी सुंदर झाली.

आणि संध्याकाळ गेली. ट्यूबमधल्या वायूतून वीज वाहती राहायला ठरावीक दाब लागतो आणि टोकाच्या तारा तापलेल्या राहाव्या लागतात. रेग्युलेटर लावून दाब कमी केला की ट्यूब मंद होत नाही. फडफडते आणि विझते. म्हणजे एक तर पूर्ण उजेड, नाही तर पूर्ण अंधार. त्यात स्टार्टर. पहाटे अंधारात बटण दाबलं की ट्यूब दोन-चारदा लखलखायची. त्या वेळी माशांचे डोळे अजून रात्रीचे असायचे. निऑन टेट्राचा निळा-लाल पट्टा रात्री फिका पडलेला असतो. तो फिका मासा सैरावैरा धावायचा. एंजल काचेवर आदळायचा. गुरामी उडी मारायचा आणि झाकणाची फट मोठी असली तर जमिनीवर मिळायचा. लोक म्हणायचे, पाणी वाईट असेल, खाणं जास्त झालं असेल. दिव्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं, कारण दिवा तर आधीपेक्षा चांगला होता.

साधारण तीस-पस्तीस वर्षं, म्हणजे अनेक माशांच्या अनेक पिढ्या, घरातल्या टाक्यांत अशा गेल्या. हा या छंदाच्या इतिहासातला सगळ्यात कठोर काळ होता असं माझं मत आहे. आणि बाहेरून पाहणाऱ्याला तोच भरभराटीचा काळ दिसतो.

दिवा वेळेवर लागावा म्हणून मधल्या काळात तबकडीचा टायमर आला. चोवीस तासांची गोल तबकडी, कडेनं खुंट्या. हव्या त्या खुंट्या दाबायच्या, भिंतीतल्या प्लगमध्ये टायमर खोचायचा. आत छोटी मोटर, ती विजेवर चालणारी. वीज गेली की तबकडी थांबते आणि वीज आली की थांबली तिथूनच पुढे चालू लागते. ज्यांनी कर्नाटकातलं एके काळचं भारनियमन भोगलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुपारी दोन तास वीज गेली की टाकीचा दिवस दोन तास पुढे सरकायचा. आठवडा-दीड आठवड्यात टाकीत मध्यरात्री सूर्य उगवायचा. युरोपात चाललेलं हे यंत्र इथे चालत नव्हतं आणि म्हणूनच वीज गेली तरी चालणारं घड्याळ ही आमच्याकडच्या कंट्रोलरची पहिली गरज ठरली.

या गरजेला उत्तर देणारी कारागिरी बेळगावात आधीपासून होती. ती गणपतीच्या मांडवात वाढली. इथला सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्यांच्या काळापासूनचा आणि हलते देखावे नि पळते दिवे ही त्याची शान. सुरुवातीला पळत्या दिव्यांसाठी लाकडी ड्रम असायचा. ड्रमवर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, वर पितळी पात्यांची रांग, खाली हळू फिरणारी मोटर. ज्या पात्याखाली पट्टी येईल तो दिवा लागायचा. पट्ट्या तिरक्या ठोकल्या की दिवे एकामागून एक पळायचे. वेळेप्रमाणे दिवे चालवणारं हे यंत्र मंडळाची पोरं स्वतः करायची. ठिणग्या उडायच्या, पट्ट्या काळ्या पडायच्या, सकाळी पॉलिश पेपर मारायचा. नंतर आयसी आले. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली आखलेला ५५५ हा टायमर आणि त्याच्या जोडीला दहापर्यंत मोजणारा ४०१७. या दोघांवर महाराष्ट्र-कर्नाटकातल्या किती मांडवांची रोषणाई चालली असेल! सुटे भाग पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा बंगळूरच्या एस. पी. रोडवरून. बेळगाव पुणे-बंगळूर रस्त्यावर आहे, त्यामुळे रात्रीच्या बसनं दोन्हीकडचा माल यायचा; निपाणी, संकेश्वरच्या मंडळांचाही त्यातच. माझे कितीतरी विद्यार्थी सोल्डरिंग शिकले ते वर्गात नव्हे, अशा मांडवाच्या मागे, चतुर्थीच्या आदल्या रात्री.

मला राहून राहून वाटतं की टाकीचा कंट्रोलर हा या मांडवातल्या ड्रमचाच वंशज आहे. फरक इतकाच की ड्रमला दिवे पळवायचे होते. टाकीला ते हळू हवे होते.

हळू करता येईल असा पांढरा दिवा मात्र मिळत नव्हता. निक होलोन्याक यांनी १९६२ साली अमेरिकेत डोळ्यांना दिसणारा लाल उजेड देणारी एलईडी केली, पण तीस वर्षं ती रेडिओच्या दर्शनी भागावर टिकलीएवढी लुकलुकत राहिली. निळा उजेड जमत नव्हता आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. जपानमध्ये इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी गॅलियम नायट्राइडवर वर्षानुवर्षं काम केलं. १९९३ साली निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळी एलईडी दाखवली. १९९६ पर्यंत तिच्यावर पिवळा फॉस्फर चढवून पांढरी एलईडी तयार झाली. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. पुढच्या वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, केंद्र सरकारची उजाला योजना आली आणि एलईडी बल्ब घराघरांत गेला. टाकीवाल्यांनी एलईडी त्याआधीच हेरली होती.

अमेरिकेत २००६ च्या सुमारास प्रवाळांच्या टाक्यांसाठी एलईडीचा तयार दिवा बाजारात आला. पण २००७ साली दुसऱ्याच एका कंपनीला सागरी टाकीवरच्या एलईडी दिव्यांचं पेटंट मिळालं आणि तो दिवा बनवणाऱ्या कंपनीला माघार घ्यावी लागली. तयार दिवे महाग आणि दुर्मीळ झाल्यावर छंदवाल्यांनी सुट्या एलईडी घेऊन घरीच जुळवाजुळव सुरू केली. योगायोगानं त्याच काळात, २००५ साली, इटलीतल्या इव्रेया गावी अर्डुइनो नावाचा स्वस्त, प्रोग्रॅम भरता येणारा बोर्ड विद्यार्थ्यांसाठी तयार झाला होता. तो २०१० च्या आसपास आमच्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रोजेक्टसाठी येऊ लागला. विद्यार्थी त्यावर रेघेवरून चालणारी गाडी करायचे आणि प्रोजेक्ट संपला की बोर्ड खणात पडून राहायचा. अशाच एका पडून राहिलेल्या बोर्डवर आमच्या टाकीची संध्याकाळ परत आली.

दोन फुटी टाकीला पुरेल असा हा कंट्रोलर कसा बनतो ते सांगतो; घरी पाहिलेलं आणि हातानं केलेलं आहे. तीन वॉटच्या बारा एलईडी, चांदणीच्या आकाराच्या अॅल्युमिनियमच्या बिल्ल्यांवर बसवलेल्या. सहा थंड पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या. उरलेल्या सहांत निळ्या जास्त आणि एक-दोन लाल. सहा-सहाची माळ, एका माळेला वीस व्होल्टच्या आसपास दाब लागतो, म्हणून चोवीस व्होल्टचा पुरवठा. एलईडीला व्होल्टेजपेक्षा प्रवाह नेमका द्यावा लागतो, नाहीतर ती तापते, तापली की जास्त प्रवाह ओढते आणि जळते. म्हणून प्रत्येक माळेला स्वतंत्र ड्रायव्हर. पीटी ४११५ ही चिनी चिप स्वस्त आणि भरवशाची. सगळं अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या हीटसिंकवर, मधे उष्णतेचा लेप. हीटसिंक बेळगावात भंगारवाल्याकडे वजनावर मिळतो. हे अॅल्युमिनियमचं गाव आहे. इथे १९६९-७० पासून इंडालचा कारखाना होता, तो आता हिंडाल्कोचा आहे. विजेच्या टंचाईनं इथलं धातू गाळणं थांबलं, अॅल्युमिना मात्र अजून निघतो.

ड्रायव्हरच्या डिमच्या पायावर अर्डुइनो सेकंदाला सुमारे ४९० वेळा दिवा चालू-बंद करतो. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, यावर उजेड ठरतो. डोळ्याला ती उघडझाप कळत नाही, उजेड कमी-जास्त झालेला कळतो. शून्य ते २५५ अशा २५६ पायऱ्या. पण पायऱ्या सरळ चढवल्या तर संध्याकाळ खोटी वाटते. बराच वेळ काही फरक दिसत नाही आणि शेवटी झपकन अंधार होतो. कारण डोळा उजेड मोजतो तो प्रमाणात, बेरजेत नव्हे. म्हणून पायरीचा वर्ग करून उजेड द्यायचा: अर्ध्या वेळेला उजेड अर्धा न ठेवता पाव ठेवायचा. हे एक वाक्य प्रोग्रॅममध्ये घातल्यावर टाकीत जो बदल होतो तो मी अनेकांना उभं करून दाखवला आहे. शून्यावरून पहिल्या पायरीवर जाताना तरी झटका बसतोच. त्याला उपाय म्हणजे आधी एक-दोन निळ्या एलईडी स्वतंत्र लावायच्या, त्या पुऱ्या वर गेल्या की पांढऱ्या सुरू करायच्या.

आणि घड्याळ. सुरुवातीला आम्ही डीएस १३०७ ही चिप वापरली. तिच्याशेजारी सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक लागतो; त्याची थरथर गारठ्यात आणि उन्हाळ्यात बदलते, त्यामुळे महिन्याला मिनिटभर इकडेतिकडे. नंतरची डीएस ३२३१ स्वतःचं तापमान मोजून चूक सुधारते आणि वर्षाला एखाद्या मिनिटापलीकडे हलत नाही. बटणाएवढा लिथियमचा सेल तिला वर्षानुवर्षं पुरतो. वीज चार तास गेली तरी टाकीचा दिवस जागचा हलत नाही. ज्या आजारानं तबकडीचा टायमर निकामी केला होता त्यावर हा उतारा शेवटी शे-दोनशे रुपयांत मिळाला.

चोवीस व्होल्टचा पुरवठा टाकीच्या वर कधीही ठेवू नये; बाजूला, पाण्याच्या आवाक्याबाहेर ठेवावा. वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकतं. घराला वीज गळताच पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. वडील असते तर त्यांनी पात्यांच्या हीटसिंकलाही अर्थिंग केलं असतं, मी करतो.

काही गोष्टी मला पटत नाहीत. रात्रभर निळा दिवा ठेवून त्याला चांदणं म्हणायची फॅशन आली आहे. खरं चांदणं त्या दिव्यापेक्षा कितीतरी मंद असतं आणि अमावास्येला मुळीच नसतं. माशाला अंधारही हवा. निळ्या उजेडात त्याचा डोळा पूर्ण रात्रीचा होत नाही. तसंच ढग आणि विजा चमकवणारे प्रोग्रॅम. ते पाहुण्यांसाठी असतात आणि माशांना पुन्हा त्याच स्टार्टरच्या छळात लोटतात. प्रवाळांच्या टाकीचा मोहही नको. गोवा इथून जवळ आहे, पण दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघाइतकंच संरक्षण आहे. आपल्या भागात वनस्पतींची गोड्या पाण्याचीच टाकी योग्य आणि तिला आठ तासांचा दिवा पुरतो. त्याहून जास्त दिला तर वाढतं ते शेवाळ.

कॅम्पातल्या एका विद्यार्थ्यानं मात्र एक सुंदर गोष्ट केली. बेळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून आठ अंश पश्चिमेला आहे, म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराला. जूनमध्ये दिवस तेरा तासांचा, डिसेंबरात सव्वाअकरा तासांच्या आत. त्यानं हे वर्षभराचे चढउतार प्रोग्रॅममध्ये घातले आणि दिव्याचे तास उन्हाळ्यात थोडे जास्त, हिवाळ्यात थोडे कमी केले. त्याची टाकी बेळगावच्या ऋतूंप्रमाणे चालते. हे बाजारातल्या कुठल्याही तयार डब्यानं त्याला दिलं नव्हतं.

आता तयार कंट्रोलर पुष्कळ मिळतात, मोबाइलवरून चालणारे. ज्याला वेळ नाही त्यानं तेच घ्यावेत. पण घरी केलेला बिघडला तर घरी दुरुस्त होतो आणि त्यातला प्रत्येक भाग तुम्हाला माहीत असतो. शाळेतल्या मुलांसाठी यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही: वीज, प्रकाश, डोळा, घड्याळ, अक्षांश हे सगळं एका टाकीवर शिकता येतं. ज्यांच्या अडगळीत जुनी अँगलची टाकी किंवा काळा रेग्युलेटर पडला असेल त्यांनी तो भंगारात घालण्याआधी एखाद्या शाळेला विचारावं.

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांनी निदान एवढं करावं. सकाळी टाकीचा दिवा लावण्याआधी खोलीतला दिवा पंधरा-वीस मिनिटं लावून ठेवा. रात्री टाकीचा आधी विझवा, खोलीतला तेवढ्याच वेळानंतर. याला एक पैसाही लागत नाही.